पहिला चेहरा

मर्सर स्लू या पाणथळ उद्यानातल्या लाकडी पायवाटेवर ऑगस्टमधलं स्वच्छ ऊन पडलं होतं. चार वर्षांचा एक मुलगा पुढे पळत होता. मागे त्याची आई, तिच्या मागे महिन्याभरापूर्वी वाईजवळच्या गावाहून आलेल्या आजी आणि शेवटी वही घेऊन मी. मुलगा एकदम थांबला आणि उकिडवा बसला. फळीच्या कडेला हातभर लांबीचा साप ऊन खात पडला होता. काळपट अंग, मानेपासून शेपटीपर्यंत गेलेली पिवळी रेघ. मुलाने कुतूहलाने बोट पुढे केलं.

“अरे, मागे हो! जनावर आहे!” आजी ओरडल्या. आईने दोन ढांगांत गाठून त्याला कडेवर उचललं. साप केव्हाच गवतात शिरला होता.

मी मुलाकडे बघत होतो. साप कुठे गेला, याच्याशी त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्याने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग आजीच्या, मग पुन्हा आईच्या. आणि मग त्याने भोकाड पसरलं.

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘भय’ आहे, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला हेच बघायचं होतं. माणूस प्राण्यांना घाबरायला शिकतो तरी कसा? त्यासाठी मी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूला आलो, त्याला कारण आहे. दीड लाख वस्तीच्या या शहरात दहातली चार माणसं अमेरिकेबाहेर जन्मलेली आहेत. मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय शेजारच्या रेडमंडमध्ये असल्यामुळे मराठी घरंही पुष्कळ. ही माणसं कागदपत्रं, डबे-बरण्या, देव घेऊन आली, तशी आपापल्या गावची भीतीही घेऊन आली. प्राणी मात्र इथले वेगळे. त्यामुळे भीती कुठून येते आणि कुठे जाते, हे इथे उघड दिसतं.

बाळाला साप कळत नाही, आवाज कळतो

सापाची भीती रक्तातच असते, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. व्हेनेसा लोब्यू आणि जुडी डिलोच या संशोधकांनी तान्ह्या मुलांना सापांच्या आणि इतर प्राण्यांच्या चित्रफिती दाखवल्या. बाळं सापाला घाबरली नाहीत. पण चित्रफितीबरोबर माणसाचा घाबरलेला आवाज ऐकवला, की ती सापाकडे जास्त वेळ टक लावून बघत. याचा अर्थ असा, की बाळाचं लक्ष सापाकडे सहज जातं. साप आणि भीती यांची गाठ पटकन बसावी, अशी जागा मनात तयार असते. ती गाठ मारायला मात्र कोणीतरी मोठं माणूस लागतं.

ही गाठ तीन वाटांनी बसते, असं मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ साली मांडलं. एक, स्वतःला आलेला अनुभव. दोन, दुसऱ्याला घाबरताना बघणं. तीन, सांगोवांगी.

पहिल्या वाटेचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत क्रूर प्रयोग १९२० सालचा. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी बाल्टिमोरमध्ये अकरा महिन्यांच्या एका बाळापुढे पांढरा उंदीर ठेवला. बाळाने हात लावला, की मागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. थोड्याच वेळा असं केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागलं. पुढे ते सशाला घाबरलं, कुत्र्याला घाबरलं, केसाळ कोटालाही घाबरलं. ही भीती काढून न टाकताच बाळाला घरी जाऊ दिलं गेलं.

पण असा हातोडा आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला येतो? साप चावलेली माणसं थोडी, सापाला घाबरणारी पुष्कळ. बाकीचे शिकतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेने. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात २००२ साली पंधरा ते वीस महिन्यांच्या तीस मुलांपुढे रबरी साप आणि रबरी कोळी ठेवले होते. आईने चेहऱ्यावर भीती किंवा किळस आणली, की नंतर मूल त्या खेळण्यापासून दूर राही. इंग्लंडमध्ये अँडी फील्ड यांनी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना क्वोल, क्वोका, कस्कस या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांविषयी माहिती सांगितली. मुलांनी त्यांची नावंही कधी ऐकली नव्हती. ज्या प्राण्याबद्दल वाईट ऐकलं, तो आत आहे असं सांगितलेल्या खोक्यात हात घालायला मुलं कचरू लागली. प्राणी न बघता, न शिवता भीती मात्र पक्की झाली.

आपल्या घरी ‘बागुलबुवा येईल’ असं सांगून जेवू घातलेल्या प्रत्येकाला ही तिसरी वाट ठाऊक आहे.

विस्कॉन्सिनची माकडं

बेलव्ह्यूच्या स्वयंपाकघरांत बसून मी ज्या प्रयोगाचा पुन्हापुन्हा विचार करत होतो, तो सुझन मिनेका यांनी विस्कॉन्सिनमध्ये केला आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ऱ्हीसस माकडांच्या दोन पिढ्या होत्या. आईबाप जंगलात जन्मून वाढलेले आणि मग पकडून आणलेले. मुलं प्रयोगशाळेत जन्मलेली. पेटीत साप ठेवायचा आणि पेटीच्या पलीकडे खाऊ. प्रयोगशाळेतली मुलं सापावरून बेधडक हात नेऊन खाऊ उचलत. आईबाप खाऊ सोडून पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटत. त्यांनी जंगल सोडून वर्षं लोटली होती, तरी भीती तशीच होती.

मग मुलांना आईबापांची ही घाबरगुंडी बघू दिली. सहापैकी पाच मुलं थोड्याच वेळात सापाला घाबरू लागली. तीन महिन्यांनीही ती घाबरतच होती.

पुढे मायकेल कुक आणि मिनेका यांनी चित्रफितींची अशी जोडणी केली, की माकड कधी खेळण्यातल्या सापाला किंवा मगरीला घाबरलेलं दिसे, तर कधी फुलांना किंवा खेळण्यातल्या सशाला. बघणारी माकडं सापाची आणि मगरीची भीती शिकली. फुलांची आणि सशाची शिकली नाहीत. म्हणजे मन कोरी पाटी नाही. काही अक्षरं त्यावर लवकर उमटतात. तरीही लिहिणारा हात मोठ्यांचाच असतो.

तिकडचं भय खरं होतं

मर्सर स्लूहून परतल्यावर, त्या संध्याकाळी चहा घेताना आजी अजून अस्वस्थ होत्या. आपण उगाच ओरडलो का, असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी त्यांच्या चुलतीची गोष्ट सांगितली. पावसाळ्यातली रात्र होती. सगळे जमिनीवर अंथरूण घालून झोपले होते. पहाटे चुलती म्हणाली, पोटात दुखतंय, पापण्या उचलत नाहीत. अंगावर खूण म्हणावी अशी नव्हती. उजाडेपर्यंत तिचा श्वास थांबला. “पान लागलं होतं तिला,” आजी म्हणाल्या.

पान लागणं म्हणजे साप चावणं. आमच्या खेड्यांत रात्री सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. आजींनी वर्णन केलेली लक्षणं मण्यारीची आहेत. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते, दात इतके बारीक की दंश कळतही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असा अंधार केला आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतले. आजींची किंकाळी या हिशेबातून आलेली आहे. तिला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल.

पण त्याच महाराष्ट्राने भीतीला उत्तरंही शोधली. कोकणात विंचवाने माणसं मरत होती, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले आणि साप उगाच चावत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं. पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आणि वारली पाड्यांवर वाघोबाचं देऊळ आजही आहे. तिथे बिबट्याचा धाक आहे आणि त्याच्याशी नातंही आहे. ज्याला घाबरायचं, त्याची ओळखही ठेवायची, ही रीत आपल्याला परकी नाही.

बेलव्ह्यूचं वास्तव वेगळं आहे. वॉशिंग्टन राज्यात माणसाला धोका असलेला एकच विषारी साप, रॅटलस्नेक. तो कॅस्केड डोंगररांगेच्या पूर्वेला, कोरड्या भागात राहतो. बेलव्ह्यू रांगेच्या पश्चिमेला आहे. मर्सर स्लूमध्ये दिसला तो गार्टर साप; गोगलगायी, गांडुळं, बेडूक खाणारा. हाताळला तर घाण वास सोडेल, क्वचित चावेलही, पण माणसाला त्याचा धोका नाही.

कोळ्यावर आलेला आळ

चुकीची भीती फक्त परदेशातून आलेली माणसंच आणतात, असंही नाही. इथल्या मूळच्या घरांत एका कोळ्याची दहशत तीसेक वर्षं नांदली. त्याचं नाव होबो. हा युरोपातला कोळी १९३०च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये सापडला आणि पुढे साऱ्या वायव्य अमेरिकेत पसरला. १९८७ मध्ये आयडाहोतल्या एका संशोधकाने सशांवर प्रयोग करून लिहिलं, की याच्या चावण्याने मांस सडतं. मग कोणालाही न भरणारी जखम झाली, की डॉक्टर आणि रुग्ण दोघंही होबोचं नाव घेऊ लागले. वर्तमानपत्रांत फोटो आले, कीटकनाशक फवारणाऱ्यांच्या पत्रकांत इशारे आले.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी, की युरोपात हा कोळी पिढ्यान्‌पिढ्या लोकांजवळ राहत होता आणि तिथे त्याला कोणीच धोकादायक मानलं नव्हतं. नंतरच्या संशोधकांनी त्याचं विष पुन्हापुन्हा तपासलं. मांस सडवणारा गुण सापडला नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने पुढे त्याचं नाव विषारी कोळ्यांच्या यादीतून काढलं. पण बेलव्ह्यूच्या शेजाऱ्यांत आजही होबो म्हटलं की माणसं चप्पल शोधतात.

सप्टेंबर आला, की इथल्या घरांत तळहाताएवढे पाय पसरलेले कोळी गालिच्यावरून धावताना दिसतात. ते बहुतेक घरकोळ्यांचे नर असतात, मादीच्या शोधात निघालेले. सिअ‍ॅटलच्या बर्क संग्रहालयातले कोळ्यांचे अभ्यासक रॉड क्रॉफर्ड यांनी अशा गैरसमजांशी झगडण्यात आयुष्य घातलं आहे. न्हाणीघराच्या बेसिनमध्ये सापडणारा कोळी नळीतून वर आलेला नसतो, हे ते किती वर्षं सांगत आहेत. तो पाण्यासाठी उतरतो आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर चढता येत नाही. अडकलेला जीव असतो तो.

कावळ्यांची शाळा

भीती शिकण्याची सर्वांत स्पष्ट साक्ष मला इथल्या कावळ्यांनी दिली. बेलव्ह्यूजवळच्या सरोवरापलीकडे, सिअ‍ॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी अडकवून सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं, की कावळे डोक्यावर जमून कर्कश ओरडत. दुसरा मुखवटा घातला तर त्यांना काही वाटत नसे.

पकडले फक्त सात होते. पण वर्षं गेली, तशी ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. सुमारे पावणेतीन वर्षांनी वाटेत भेटणाऱ्या कावळ्यांपैकी दोन तृतीयांश त्या मुखवट्यावर ओरडत होते. त्यांतले बरेच कधी पकडले गेले नव्हते. काहींचा तर प्रयोगाच्या वेळी जन्मही झाला नव्हता. स्वतःचा अनुभव, आईबापांचं बघून शिकणं आणि थव्याकडून शिकणं, या तिन्ही वाटांनी ती भीती पसरली होती.

बेलव्ह्यूच्या उत्तरेला बॉथेलमध्ये हिवाळ्यात संध्याकाळी हजारो कावळे रात्रीच्या मुक्कामाला येतात. मराठी मंडळी पितृपक्षात याच कावळ्यांसाठी अंगणात पान ठेवतात. एका गृहस्थांनी सांगितलं, “वडिलांच्या तिथीला अर्धा तास वाट बघितली. शेवटी एक आला आणि भाताचा घास घेऊन गेला.” त्या कावळ्याने कोणाचा चेहरा ओळखीचा मानला असेल, हे मार्झलफ यांचा प्रयोग वाचल्यावर मला वेगळं दिसू लागलं. आपण त्यांना शिकतो आहोत, तसे तेही आपल्याला शिकत आहेत.

इथे घाबरायचं कशाला?

मग इथे मुलांनी बेधडक फिरावं का? तसंही नाही. बेलव्ह्यूच्या दक्षिण टोकाला तीन हजार एकरांहून मोठं कुगर माउंटन उद्यान आहे. कुगर म्हणजे इथला डोंगरी सिंह. पूर्वेला नॉर्थ बेंडजवळ मे २०१८ मध्ये कुगरच्या हल्ल्यात एक सायकलस्वार मरण पावला. त्याआधी राज्यात कुगरने माणूस मारला होता तो १९२४ साली, एका शाळकरी मुलाला. शंभर वर्षांत दोन मृत्यू. या आकड्यामुळे रात्रीची झोप उडायला नको. पण डोंगरात लहान मुलांना पुढे पळू देऊ नये, एवढं तो नक्की शिकवतो.

राज्याच्या वन्यजीव खात्याची शिकवणही साधी आहे. कुगर समोर आला तर पळायचं नाही. मुलाला उचलून घ्यायचं, अंग मोठं दिसेल असे हात वर करायचे, नजर काढायची नाही, मोठ्याने बोलत मागे सरकायचं. हल्ला केलाच तर प्रतिकार करायचा.

कायोटी हा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी तर शहरातच राहतो. २००६ साली बेलव्ह्यूमध्ये आईवडील जवळ असताना दोन लहान मुलांना कायोटी चावले आणि खात्याने दोन कायोटी मारले. माणसांनी खायला घातलं, की कायोटी माणसाला घाबरणं विसरतो. म्हणून खातं सांगतं, की कायोटी दिसला तर ओरडा, टाळ्या वाजवा, तो पळेपर्यंत त्याच्या अंगावर जा. इथे माणसाने प्राण्याला भीती शिकवायची आहे, आणि ती त्याचाच जीव वाचवते.

सर्वांत महत्त्वाची उलटापालट रेबीजची. भारतात रेबीज म्हणजे कुत्रा, आणि ती भीती पूर्ण खरी आहे. त्यामुळेच बेलव्ह्यूच्या बागेत साखळीला बांधलेलं कुत्रं आलं, की मराठी आई मुलाला ओढून घेते. अमेरिकेत कुत्र्यांतून पसरणारा रेबीज २००७ सालापर्यंत संपुष्टात आला आहे. वॉशिंग्टन राज्यात रेबीज राहतो वटवाघळांत. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ मुलाने उचललं, किंवा झोपायच्या खोलीत वटवाघूळ सापडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं. मी भेटलेल्या घरांत कुत्र्याची ताकीद बहुतेक मुलांना होती. वटवाघळाची एकालाही नव्हती.

उतरवलेली भीती

शिकलेली भीती उतरवता येते, हेही जुनं ज्ञान आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा रोज थोडा जवळ आणला. शेवटी मुलगा सशाशी खेळू लागला. सिअ‍ॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी हेच तत्त्व आभासी चित्रांनी वापरलं. रुग्णाच्या डोळ्यांवर यंत्र लावायचं. त्यात स्वयंपाकघर दिसतं, ओट्यावर कोळी दिसतो, आणि हात पुढे केला की हाताला खरोखरच केसाळ खेळणं लागतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तासाभराच्या सरासरी चार बैठकांनंतर ८३ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा झाली.

पण उतरवण्यापेक्षा मोलाची गोष्ट मिनेका आणि कुक यांना १९८६ मध्ये सापडली होती. प्रयोगशाळेतल्या माकडांनी सापाजवळ शांत बसलेलं माकड आधी पाहिलं असेल, तर नंतर घाबरलेलं माकड पाहूनही त्यांतली बहुतेक घाबरली नाहीत. जणू लस टोचली होती. पुढे मॅक्वारी विद्यापीठात माणसांच्या मुलांवरही हेच दिसलं. आईचा हसरा, शांत चेहरा मुलाने आधी पाहिलेला असेल, तर नंतरचा घाबरलेला चेहरा त्याच्यावर तितका चालत नाही. मूल कोणता चेहरा आधी बघतं, यावर पुष्कळ काही ठरतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्याच कुटुंबाबरोबर मर्सर स्लूला गेलो. मुलगा आईचा हात सोडायला तयार नव्हता. अर्ध्या तासाने गवताच्या कडेला पिवळी रेघ दिसली. या वेळी आजी थांबल्या. त्यांच्या हाताची मूठ वळली होती, ती मला दिसत होती. पण आवाज त्यांनी सांभाळला. “बघ बाळा,” त्या वाकून म्हणाल्या, “आमच्याकडे नानेटी असते ना, तसाच आहे हा. बिनविषारी. पण हात नाही लावायचा. आणि आजीच्या गावाला गेलास, की तिथे कुठल्याच सापाजवळ जायचं नाही. तिथे विषारी पण असतात.” नानेटीच्या अंगावरही अशाच लांब रेघा असतात आणि तीही निरुपद्रवी असते. आजींना सापांची ओळख होती. इतके दिवस भीतीच्या खाली ती दबून राहिली होती, एवढंच.

मुलगा आईच्या पायामागून डोकं काढून बघत राहिला. तो रडला नाही.

बाहेरदेशी मुलं वाढवणाऱ्या प्रत्येक मराठी आईबापाला आणि उन्हाळ्यात नातवंडांकडे जाणाऱ्या प्रत्येक आजीआजोबांना माझी एवढीच विनंती आहे. जिथे राहता, तिथला प्राणी कोणता, तो काय करतो, कशाने बिथरतो, हे आधी स्वतः जाणून घ्या. मुलाला भीती द्यायची वेळ आलीच, तर ती प्राण्याच्या ओळखीसकट द्या. आणि गवतात काही हललं, तर ओरडण्याआधी एक श्वास घ्या. मूल त्या क्षणी तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतं.